मोठ्या कन्सल्टन्सीत सहा वर्षं तीन महिने: एका डिझाइनवालीचा रिव्ह्यू

सहा वर्षं तीन महिने. त्यात नोटीस पिरियडचे नव्वद दिवसही आले. जुलै 2017 मध्ये जॉइन झाले, ऑक्टोबर 2023 मध्ये आयकार्ड परत केलं. लोक एका जेवणावर हॉटेलचा रिव्ह्यू लिहितात, पंधरा दिवसांत फोनचा. मी एवढी वर्षं वापरलेल्या वस्तूबद्दल लिहायला हरकत नसावी.

कंपनीचं नाव घेणार नाही. मुख्यालय परदेशात, जगभर ऑफिसं, हजारोंनी इंजिनिअर, आणि नवी मुंबईत ठाणे-वाशी लाइनवरच्या एका काचेच्या इमारतीत काही मजले. अशा बऱ्याच कंपन्या आहेत, आणि आमची मंडळी दर दोन-तीन वर्षांनी हिच्यातून तिच्यात उड्या मारत असतात. त्यामुळे एकीबद्दल लिहिलं तरी बाकीच्यांतल्या लोकांना ओळखीचं वाटेल.

कन्सल्टिंग म्हटलं की घरी सगळ्यांना आयटीच वाटतं. गळ्यात पट्टा, पाठीला लॅपटॉप, दुपारी परदेशाशी कॉल, म्हणजे आयटीच. माझी आत्या अजून विचारते, ‘तुझं ते कॉम्प्युटरचं कसं चाललंय?’ तिला कसं सांगणार की मी सहा वर्षं मैलापाण्याच्या टाक्या काढत होते? काँक्रीटच्या टाक्या, चॅनेल, पंपहाउस, कधीमधी एखादी रिटेनिंग वॉल. मी सिव्हिलची. सांगलीत वालचंदमधून इंजिनिअरिंग केलं आणि पहिली दोन वर्षं विश्रामबागेतल्या एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे काढली. ऑफिसात सर, एक ड्राफ्ट्समन आणि मी. पगार नऊ हजार. सरांचं डिझाइन म्हणजे एका पॅडवर पेन्सिलने चार ओळी, त्यातल्या दोन डोक्यातच. चुकायचे फार कमी. पण का चुकत नाहीत, ते मला कधी कळलं नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नसायचं.

मोठ्या कंपनीतून नेण्यासारखी एकच गोष्ट आहे असं मला वाटतं. पगार नाही, आयकार्ड नाही, परदेशी प्रोजेक्टची यादी तर नाहीच नाही. ती गोष्ट म्हणजे चेकिंग.

प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमध्ये चार जणांची आद्याक्षरं लागतात: ज्याने काढलं तो, ज्याने तपासलं तो, ज्याने रिव्ह्यू केलं तो आणि ज्याने मंजूर केलं तो. हे कागदावरचं सोपस्कार वाटतं. मलाही पहिले चार महिने तसंच वाटलं. मग माझी पहिली स्वतंत्र टाकी आली, इंग्लंडमधल्या एका मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातली. बाहेरून बाहेर 10 मीटर बाय 8 मीटर, भिंती 300 मिलिमीटरच्या, तळाचा स्लॅब 400 चा, आणि जवळजवळ सगळीच जमिनीत, 4 मीटर खोल. मी आतल्या पाण्याचा दाब घेतला, बाहेरच्या मातीचा घेतला, शेजारून जाणाऱ्या वाहनांचा सरचार्ज, म्हणजे वरून पडणारा जादा भार, घेतला. तडे किती रुंद जातील तेही काढलं. टाकीत पाणी टिकायचं असलं की नुसती ताकद पुरत नाही, तडा 0.2 मिलिमीटरच्या आत ठेवा म्हणतात, आणि सळई बहुतेक वेळा त्या हिशोबानेच ठरते. कॅल्क्युलेशनची 46 पानं झाली. प्रिंट काढून स्वतः स्पायरल बांधून दिली. पहिलेपणाचा उत्साह.

आमचे चेकर अमरावतीकडचे, साठीला टेकलेले, आयुष्याची बरीच वर्षं आखातात काढून आलेले. ऑफिसात सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत होती, पण यांना मॅनेजरसुद्धा सर म्हणायचे. त्यांच्या टेबलावर दोनच आयुधं, पिवळा हायलायटर आणि लाल पेन. जे तपासलं आणि पटलं त्यावर पिवळं, जे पटलं नाही तिथे लाल. नियम असा की पानावरचा एकही आकडा बिनरंगाचा राहता कामा नये. पिवळं म्हणजे ‘मी हे बघितलंय’. बिनरंगाचा आकडा म्हणजे तो कुणीच बघितलेला नाही.

दोन दिवसांनी माझी 46 पानं परत आली. जवळजवळ सगळी पिवळी. मी मनातल्या मनात वडापाव वाटायला निघालेच होते. शेवटच्या पानाच्या मागे, कोऱ्या बाजूला, लाल पेनने एक चौकोन काढला होता आणि त्याच्या चारी बाजूंनी लाटा. खाली काही लिहिलेलं नव्हतं. मी त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, ‘टाकी रिकामी राहीन तेव्हा काय होईन?’

मला पाच सेकंद काही कळलंच नाही. मग पोटात गोळा आला.

त्या जागेवर भूजल जवळजवळ जमिनीच्या पातळीपर्यंत होतं. जिओटेक्निकल रिपोर्टमध्ये, म्हणजे तिथल्या जमिनीच्या तपासणीच्या अहवालात, ते स्वच्छ लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलेलंही होतं. भिंतीवर बाहेरून येणारा पाण्याचा दाबसुद्धा मी धरला होता. पण तेच पाणी खालूनही ढकलतं. दुरुस्तीसाठी टाकी रिकामी केली की ती टाकी राहत नाही, ती होडी होते. तिथेच उभ्याने हिशोब केला. 10 गुणिले 8 गुणिले 4 मीटर, पाण्याचे 10 किलोन्यूटन घनमीटरला, म्हणजे वर उचलणारं बल 3200 किलोन्यूटन. टाकीचं स्वतःचं वजन भरलं जेमतेम 1800. शिवाय युरोकोड 7, म्हणजे पाया-जमिनीच्या डिझाइनचं युरोपीय नियमपुस्तक, म्हणतो की उचलण्याविरुद्ध तपासताना आपल्या बाजूचं वजन 0.9 ने गुणून, म्हणजे कमी करून धरा. म्हणजे माझी 46 पानांची, तड्यांपर्यंत काटेकोर टाकी पहिल्या साफसफाईच्या दिवशी जमिनीतून वर आली असती.

मग तळाचा स्लॅब जाड केला आणि तोच भिंतींच्या बाहेर चारी बाजूंनी पुढे काढला, त्याला टो म्हणतात, म्हणजे त्यावर बसणाऱ्या मातीचं वजनही कामाला येतं. पानं 46 ची 59 झाली. सर एका शब्दाने बोलले नाहीत. परत पिवळं करून दिलं, झालं.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत पूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. मी नवी मुंबईत, आईबाबा मामाकडे मिरजेला. पाणी ओसरल्यावर घरी गेले, तर आमच्या गल्लीच्या टोकाला एका अर्धवट बांधकामाच्या प्लॉटवर जमिनीखालची पाण्याची टाकी एका बाजूने फूटभर वर येऊन तिरकी बसली होती. नवीन टाकी, अजून पाणी भरलेलं नव्हतं, वरची मातीही ओढलेली नव्हती. लोक तिच्याभोवती उभे राहून पुराने ती ‘उपटली’ म्हणत होते. मी तिथे उभी राहून मनातल्या मनात 3200 आणि 1800 म्हणत होते.

ती पद्धत मला दुसरीकडे मिळाली नसती. सांगलीच्या सरांनी टाकी तरंगण्याचा विचार केला असता, नक्की केला असता, पण मनातल्या मनात. मी कधी विसरले असते तर ते पकडायला कुठलंही पान नसतं. चेकिंगला पाचपैकी पाच.

इथून पुढे उतार.

टाइमशीट. ज्यांनी कन्सल्टन्सीत काम केलेलं नाही त्यांना हे समजावून सांगणं अवघड आहे. कंपनी विकते ते ड्रॉइंग नसतंच, तास असतात. त्यामुळे तुमचा प्रत्येक तास कुठल्या तरी प्रोजेक्टच्या कोडवर टाकावा लागतो, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत, दर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत. क्लायंटकडून वसूल होतो तो बिलेबल. ट्रेनिंग, स्टाफ मीटिंग, कामाची वाट बघत बसणं हे सगळं नॉन-बिलेबल. बिलेबलची टक्केवारी म्हणजे तुमचं युटिलायझेशन. माझं टार्गेट नव्वद होतं, म्हणजे आठवड्याचे चार तास सोडले तर बाकी सगळे कुणी तरी विकत घेतलेले हवेत. विचार करण्याला कोड नसतो. डिझाइनच्या नियमांचं नवं पुस्तक वाचण्यालाही नसतो.

खरी गोची पुढे आहे. एका पंपहाउसच्या डिझाइनला 60 तासांचं बजेट होतं. मला 74 लागले. का लागले? क्लायंटने पंपाची जागा दोनदा हलवली, दुसरं काही नाही. मी लीडकडे गेले, वरच्या 14 तासांचं काय करू? लीड वाईट माणूस नव्हता. तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, ‘बजेट संपलंय गं. बघ, कुठे अ‍ॅडजस्ट होतायत का.’ अ‍ॅडजस्ट म्हणजे बुक करू नकोस. म्हणजे शनिवारी घरी बसून केलेले ते तास झालेच नाहीत. मी साठच टाकले. सगळेच तसं करायचे, त्यामुळे त्यात काही वाटायचंही बंद झालं होतं.

आता बघा काय होतं. सहा महिन्यांनी तसंच दुसरं पंपहाउस बिडला, म्हणजे निविदेला, येतं. बिड करणारा सिस्टिममध्ये बघतो, मागच्याला किती तास लागले? साठ. चला, यंदा स्पर्धा आहे, पंचावन्न धरू. ते पंचावन्न पुन्हा माझ्याच टेबलावर येतात. तीन वर्षं हे बघितल्यावर लक्षात आलं की कंपनीचं सगळं अंदाजपत्रक आमच्या न लिहिलेल्या शनिवारांवर उभं आहे. ज्या ऑफिसात बिनरंगाचा एक आकडा चालत नाही, तिथे सर्वांत महत्त्वाचा आकडा शुक्रवारी संध्याकाळी सगळे मिळून खोटा भरायचे. आणि तो तपासायला चेकर नव्हता.

मी एकदाच, दुसऱ्या एका कामावर, लागले तेवढे सगळे तास बुक केले. सोमवारी तीन माणसांचे मेल आले, त्यातला एक फायनान्सचा. क्लायंटकडे बदलाचे पैसे मागता आले असते, पण त्यासाठी बदल झाला त्याच आठवड्यात लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती कुणी दिली नव्हती. नव्यांना सांगते: क्लायंट कॉलवर ‘जस्ट अ स्मॉल चेंज’ म्हणाला की कॉल संपायच्या आत मेल टाकायचा, ‘या बदलासाठी अंदाजे इतके तास.’ हे मला चौथ्या वर्षी समजलं.

कधी उलटं होतं. कामच नसतं. आमचं बरंच काम इंग्लंडच्या पाणी कंपन्यांचं होतं. तिथलं पाणी 1989 मध्ये खासगी झालं, आणि ऑफवॅट नावाचा नियामक दर पाच वर्षांनी ठरवतो की कुणी किती दर घ्यायचा आणि किती गुंतवायचं. या पाच वर्षांच्या टप्प्याला एएमपी म्हणतात. सहावा 2020 च्या मार्चमध्ये संपला, सातवा एप्रिलपासून सुरू झाला. एका टप्प्याचं शेपूट संपत आलेलं आणि पुढच्याची ऑर्डर अजून निघायची असते, तेव्हा मधल्या काही महिन्यांत डिझाइनचं काम आटतं. दिवाळीनंतर मजल्यावर नीट बघितलंत तर कळतं. माणसं चहाचा कप घेऊन टेबलाटेबलाशी थांबतात आणि सहज विचारल्यासारखं विचारतात, ‘काय, तुमच्याकडे काही आहे का?’ आठ वर्षं अनुभवाचा माणूस चार तासांचा कोड मागत फिरताना मी बघितलाय. यात कामचुकारपणा कुणाचाच नाही. सात समुद्रापलीकडे दराची फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातेय, इकडे घणसोलीत एकाचा होमलोन आहे. आणि आमच्या त्या फेऱ्यात भर म्हणून मार्च 2020 मध्ये लॉकडाउन आला. तेव्हा आठजणांना ‘स्वेच्छेने’ जायला सांगितलं. मी वाचले. त्या वेळी मी बाकीच्यांपेक्षा स्वस्त होते, आणि कारण तेवढंच होतं असं मला वाटतं.

पगाराचं बोलू. ऑफर सहा लाख वीस हजारांची होती. घरी पेढे वाटले. हातात आले महिन्याला एकेचाळीस हजार, कारण सीटीसी हा आकडा लग्नातल्या मेकअपसारखा असतो. त्यात कंपनीचा पीएफ धरलेला, व्हेरिएबल धरलेलं, विमा धरलेला, आणि ग्रॅच्युइटीसुद्धा बेसिकच्या 4.81 टक्के दराने आधीच मोजून धरलेली. ती पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, पण पहिल्या दिवसापासून तुमच्या पगाराच्या आकड्यात मिरवते. दरमहा दोनशे प्रोफेशनल टॅक्स, फेब्रुवारीत तीनशे. वाढ सहा ते आठ टक्के. आणि दर वर्षी बाहेरून कुणी तरी येतं, तुमच्याएवढ्याच अनुभवाचं, तुमच्यापेक्षा सवाई पगार घेऊन. माझ्या हाताखाली एक मुलगी आली, कॅल्क्युलेशन मी तिला शिकवायची, आणि तिचा आकडा एकदा प्रिंटरवर चुकून मला दिसला. तिचा यात काही दोष नाही. त्या दिवशी मात्र मी कॅन्टीनमध्ये जेवले नाही, बाहेर जाऊन मिसळ खाल्ली.

अप्रेझलला दर वर्षी ‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’. त्यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

आता साइट. मोठ्या कन्सल्टन्सीत डिझाइनला असलेल्या माणसाला स्वतःच्या हातचं काँक्रीट बघायला मिळत नाही. इंग्लंडमध्ये माझ्या अकरा टाक्या आहेत, एकही मी पाहिलेली नाही. गुगल अर्थवर बघते कधी कधी. एका ठिकाणी हिरव्या शेताच्या कडेला राखाडी चौकोन दिसतो, तो माझा. 2022 मध्ये मी मागून मागून तीन महिने डेप्युटेशन घेतलं, मराठवाड्यातल्या एका पाणीपुरवठा योजनेवर. तिथे डिझाइनही आमच्याच कंपनीचं आणि देखरेखही आमचीच.

पहिल्या दिवशी सेफ्टी शूज दिले, सहा नंबरचे. माझा पाय चार. चार नंबर बाईंसाठी मागवावा लागतो, तीन आठवडे लागतील म्हणाले. दोन मोजे घालून चालले. बाईंसाठी संडास नव्हता. इथे मात्र मोठ्या कंपनीचा फायदा दिसला. मी सेफ्टीच्या फॉर्मवर एक ओळ लिहिली आणि आठ दिवसांत कंत्राटदाराने पत्र्याचा का होईना, कडी-कुलपाचा, पाण्याच्या पिंपासकट उभा केला. सांगलीला सरांबरोबर साइटवर जायचे तेव्हा दिवसभर पाणी न पिणं हीच व्यवस्था होती. आणि तिथे मी चपला घालून बांबूच्या शिडीवर चढले आहे. या कंपनीत ऑफिसच्या जिन्यावरसुद्धा कठडा धरला नाही तर कुणी तरी प्रेमाने आठवण करून द्यायचं. आम्ही हसायचो. साइटवरून आल्यावर मी धरायला लागले.

तिथे फिल्टरहाउसच्या भिंतीचं सळईचं काम चाललं होतं. ड्रॉइंग माझंच, दीड वर्षापूर्वीचं. दोन भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यात 20 मिलिमीटरच्या आडव्या सळया दर 100 वर, दोन्ही भिंतींच्या तिथेच एकमेकींवर लॅप होणाऱ्या, आत उभ्या सळया वेगळ्याच. स्क्रीनवर सुबक दिसायचं, लाल-निळ्या रेघा. फिटर बंगालचा, वयाने माझ्यापेक्षा लहान. त्याने मला हाताने बोलावलं. काँक्रीट हलवून खाली बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई उचलली, जाडजूड, 60 मिलिमीटरची, आणि सळयांच्या जाळीवर आडवी ठेवली. ती आत जाईना. शंभरातून दोन सळयांचे चाळीस गेले की राहतात साठच, आणि सळईला वरून फासळ्या असतात. तो म्हणाला, ‘मॅडम, सुई किधर से जाएगा? माल नीचे नहीं उतरेगा.’

माल खाली उतरला नाही की भिंतीत पोकळ्या राहतात, मधाच्या पोळ्यासारख्या. पाण्याच्या टाकीत ती पोकळी म्हणजे गळती. 46 पानं पिवळी करणाऱ्या सरांच्यासुद्धा नजरेतून हे सुटलं होतं, कारण कॅल्क्युलेशनमध्ये सुई येत नाही. चार आद्याक्षरं त्या ड्रॉइंगवर होती. पाचवा हा पोरगा.

उपाय सोपा होता. निम्म्या सळयांचा लॅप कोपऱ्यातच ठेवायचा, निम्म्यांचा मीटरभर पुढे न्यायचा. सांगलीत असते तर सरांना फोन केला असता, ते ‘हो, कर’ म्हणाले असते आणि चार वाजता काँक्रीट सुरू झालं असतं. इथे मी आरएफआय, म्हणजे साइटवरून डिझाइनवाल्यांना लेखी प्रश्न, लिहिला. माझ्याच ड्रॉइंगवर, मीच विचारलेला प्रश्न. तो नवी मुंबईला गेला आणि माझ्या खुर्चीत बसलेल्या मुलाच्या इनबॉक्समध्ये पडला. त्याने मला फोन करून विचारलं, ‘ताई, याचं काय उत्तर देऊ?’ मी त्याला उत्तर सांगितलं. ते त्याने लिहिलं, चेकरने पिवळं केलं, रिव्ह्यू झालं, मंजुरी झाली, नवीन रेव्हिजनचं ड्रॉइंग पोर्टलवर चढलं. फाइलचं नाव सात तुकड्यांचं, मध्ये डॅश, एक डॅश चुकला म्हणून पोर्टलने ते एकदा परतही पाठवलं. नऊ दिवस. नऊ दिवस गँग बसून, उघड्या सळईला गंज, कंत्राटदार माझ्याकडे बघून सुस्कारे सोडतोय.

तरीही सरांच्या ‘हो, कर’ पेक्षा हे वाईट, असं मी पैजेवर म्हणणार नाही. त्या फोनची नोंद कुठेच नसते, आणि दहा वर्षांनी कुणी भिंत फोडून बघितली तर लॅप तिथे का नाही, हे सांगायला कुणी नसतं. पण नऊ दिवस म्हणजे नऊ दिवस. दोन दिवसांत होईल अशी पद्धत जगात कुणी तरी काढलीच असेल. आमच्या मजल्यावर तरी ती आलेली नव्हती.

बाकीचं उरकते. कॅन्टीनचे पोहे सोमवारी बरे, शुक्रवारी आठवड्याचं उरलेलं वाटावं असे. उशीर झाला तर बायकांना घरापर्यंत गाडी मिळायची, सोबत गार्ड, यात कधी टाळाटाळ झाली नाही. कॉलची वेळ बघून ठेवा: इंग्लंडचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार, त्यामुळे तिकडचे सकाळचे नऊ इकडे दुपारचे अडीच किंवा दीड. सकाळ तुमची असते, ती डिझाइनला ठेवा. तिकडचे इंजिनिअर बहुतेक सभ्य आणि मदतीला तयार. मात्र त्यांच्या एका ‘क्वाइट हॅपी’चा अर्थ समजायला मला वर्ष लागलं. चार्टर्ड इंजिनिअर व्हायचं असेल तर लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सची फी कंपनी भरते, त्यासाठी मेंटरही देते. लाभ घ्या. मी आळस केला, अजून बोचतं.

स्टार द्यायचेच तर: शिकण्यासाठी साडेचार, पैशासाठी अडीच, टाइमशीटसाठी अर्धा. कुणी जावं? ज्यांनी आधी एखाद-दोन वर्षं छोट्या ऑफिसात किंवा साइटवर हात काळे केलेत त्यांनी जरूर जावं, कारण तिथे पद्धत शिकताना ती कशावर लावायची हे माहीत असतं. कॉलेजातून थेट जाणाऱ्यांनी मुलाखतीतच विचारावं की पहिल्या दोन वर्षांत साइट मिळेल का, आणि उत्तर मेलवर मागावं. तिथे दहा-बारा वर्षं राहून प्रिन्सिपल, असोसिएट झालेली आणि मनापासून खूश असलेली माणसंही मी बघितली आहेत. मला तसं जमलं नाही. मी आता सांगलीत सरांच्याच ऑफिसात भागीदार आहे. महिन्याला पिवळे हायलायटर तीन लागतात, आणि सर त्याचं बिल बघून दर वेळी काही तरी बोलतात.

आणि एक, सोडायची तारीख ठरवण्याआधी. ग्रॅच्युइटी मोजताना सहा महिन्यांपेक्षा जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, कमी असला तर सोडून देतात. मी सहा वर्षं तीन महिन्यांवर सोडलं, म्हणून सहाची मिळाली. तीन महिने आणि वर थोडे दिवस थांबले असते तर सातची झाली असती. बेसिकच्या पंधरा भागिले सव्वीस, म्हणजे माझ्या हिशोबाने साधारण बावीस हजार. हे लक्षात आलं तेव्हा लॅपटॉप जमा झाला होता आणि त्या हिशोबाला चेकर मिळाला नव्हता. तुम्ही कॅलेंडर आधी बघा.